वरचा ओठ

“गाल फुगव,” दस्तगीर मामा म्हणाले. “आसं न्हाई. गुळाचा खडा धरल्यागत. आन् दाबू नगंस. रेझरला सोताचं वजन हाय, तेवढं बास हुतंय.”

मी गाल फुगवला, रेझर टेकवला आणि पहिल्याच ओढीला हनुवटीवर रक्त काढलं. मामांनी तुरटीचा खडा पुढे केला. तो लावल्यावर डोळ्यांत पाणीच आलं. शेजारी दात घासणारा एक माणूस हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं घाईघाईनं चूळ भरली आणि काढता पाय घेतला.

ही मिरजेतली गोष्ट, त्र्याण्णव सालच्या मार्चमधली. मी सत्तावीस वर्षांचा होतो, गावाकडे वायरमनचं काम करत होतो आणि जन्मात कधी स्वतःच्या हातानं दाढी केली नव्हती. गावात किसन न्हावी रविवारी घरी यायचा. आधी अण्णांची दाढी, मग माझी. अण्णा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात जीपवर ड्रायव्हर होते. तंबाखूनं त्यांच्या घशात गाठ धरली होती आणि मिरजेच्या एका हॉस्पिटलात त्यांचं ऑपरेशन झालं होतं. स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक, नाकातून पोटात नळी. तोंडानं पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. बोलणं तर कायमचंच संपलं. बोलायचं ते पाटीवर लिहून. मी बाजारातून शाळेच्या पोरांची पाटी आणून दिली होती, लाल लाकडी चौकटीची.

खरं सांगायचं तर अण्णांचं बोलणं बंद झालं, तेव्हा मला थोडं हायसंच वाटलं होतं. आमच्या घरात सत्तावीस वर्षं एकाच माणसाचा आवाज होता.

आणि एकाच माणसाची मिशी. पांढरीशुभ्र, भरघोस, दोन्ही टोकं वर वळलेली. साहेब लोक जीपमध्ये बसताना आधी मिशीला नमस्कार करायचे, असं अण्णा सांगायचे. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले, नळीला चिकटपट्टी लावायला मिशी अडचणीची आहे. अण्णा तेव्हा घोगऱ्या आवाजात बोलू शकत होते. म्हणाले, “मिशी सोडून काय कापायचं ते कापा.” डॉक्टर हसले आणि पट्टी गालावर लावली.

माझ्या मिशीला ते “घसरलेली भुवई” म्हणायचे. पण तिला हात लावायची सोय नव्हती. मी एकोणीस वर्षांचा असताना कोल्हापूरहून बारीक कातरलेली, ओठाच्या कडेवर रेघेसारखी मिशी घेऊन आलो, तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी फक्त एवढं म्हणाले, “मिशी पोरानं आईबाप गेल्यावर उतरवायची असती. आमी दोगंबी जित्ती हाय अजून.” आमच्याकडे ती रीतच आहे. दोघांतलं कुणी गेलं की पोराची मिशी त्याच दिवशी उतरते, डोकं तेव्हाच किंवा दहाव्याला; त्याआधी नाही.

तर ऑपरेशनला आठ दिवस झाले आणि अण्णांची दाढी वाढली. गालावर पांढरे खुंट. हॉस्पिटलचा एक न्हावी वॉर्डात फिरायचा, एकाच वाटीतल्या पाण्यानं सगळ्या खाटा उरकायचा आणि पैसे दुप्पट घ्यायचा. अण्णांनी त्याला एकदा पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, ‘नको. हात जड.’ मग रोज गालावरून हात फिरवायचे आणि तोंड भिंतीकडे करायचे. डॉक्टर राउंडला आले की चादर नाकापर्यंत ओढायचे. सबंध आयुष्य टापटिपीत काढलेला माणूस. ते मात्र मला बघवेना.

“मीच करतो की,” मी दस्तगीर मामांना म्हणालो. मामा जयसिंगपूरकडचे टेलर. त्यांची बायको मांडीचं हाड मोडून बायकांच्या वॉर्डात होती. हॉस्पिटलच्या मागे नातेवाइकांसाठी पत्र्याची शेड होती, तिथं आमची अंथरुणं शेजारी शेजारी. मामा रोज सकाळी नळावर कपभर गरम पाणी घेऊन बसायचे आणि इतक्या निगुतीनं दाढी करायचे, की लोक घटकाभर थांबून बघायचे.

“केल्यास कवा?” त्यांनी विचारलं.

“न्हाई.”

“मग आजाऱ्याच्या तोंडावर शिकायचं नसतंय. आदी आपलं तोंड. पाच दिवस रगात निगालं न्हाई, तर मग बापाच्या गालाला हात लाव.”

सामान त्यांनीच घेऊन दिलं. रस्त्यावर जुनं सामान मांडून बसणाऱ्या एकाकडून रेझर घेतला. मुलामा उडून खालचं पितळ दिसत होतं, पण मामांनी तो उघडून, मिटून, डोळ्यासमोर धरून पाहिला. “जबडा सरळ हाय. बाकी रंगाचं काय करायचंय?” चहावाल्या हौसाबाईकडून उकळतं पाणी आणून तो त्यात बुडवून ठेवला. ब्रश सगळ्यात स्वस्त, पहिले दोन दिवस फेसापेक्षा केस जास्त निघाले. साबणाची गोल वडी, पात्यांचं एक पाकीट, तुरटी. फेसाला अण्णांचीच जेवणाची वाटी. नाहीतरी त्यांना ती आता लागत नव्हती.

शिकलो. मामांची शिकवणी कडक होती. आधी गरम पाण्याचा फडका तोंडावर, शंभर आकडे मोजेपर्यंत. ब्रश ओला करायचा, पण टपकता नाही. फेस गोल गोल फिरवून गालावरच चढवायचा, उभे राहिलेले केस त्यात बुडाले पाहिजेत. केस जिकडे झुकलाय तिकडेच रेझर न्यायचा, उलटा नाही. लहान लहान ओढी. प्रत्येक ओढीनंतर धुवायचा. “कापडाची वीण बगून कातर चालवतोस का न्हाई? तसं हाय ते.” मी कधी कापड कापलं नव्हतं, पण मान डोलवायचो.

वर वॉर्डात यातलं काही सांगितलं नव्हतं. अण्णांना एकदम चकित करायचं मनात होतं. भेटायच्या वेळेला वर गेलो की ते पाटी उचलायचे आणि रोज एकच शब्द लिहायचे, ‘आई?’

आई गावी टायफॉईडनं पडून होती. अण्णांना मिरजेला आणलं तेव्हा तिच्या अंगात एकशे तीन-चार ताप होता. माझी बहीण नंदाताई सासरहून येऊन तिच्यापाशी राहिली होती. गावात पाटलांच्या घरी फोन होता, त्यावर ताईचा निरोप मिळायचा. ताप उतरतोय, पण उठायची ताकद नाही. मी अण्णांना सांगायचो, “बरी हाय. उद्या येती म्हणली.” दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. उद्या येते म्हटलं की ते पाटी खाली ठेवायचे, आणि माझंही काम भागायचं.

पाचव्या दिवशी मामांनी माझ्या गालावरून उलटा हात फिरवला. “पास,” म्हणाले. “आता कुणाच्याबी तोंडाला हात लाव जा.”

सहाव्या दिवशी सकाळी मामा बायकोला एक्सरेला घेऊन गेले होते. नळावर मी एकटाच होतो. दाढी सुरेख झाली. आणि मग मला वाटलं, मिशीच्या कडा जरा सरळ करून घ्याव्यात. इतकं छान जमतंय तर तेवढं कशाला राहू द्यायचं? शेडच्या भिंतीवर कुणीतरी फुटक्या आरशाचा तुकडा सिमेंटमध्ये बसवला होता, तळहाताएवढा. त्यात एका वेळी अर्धंच तोंड दिसायचं. उजवी बाजू थोडी घेतली. डावी पाहिली तर ती लांब. डावी घेतली, तर उजवी लांब. असं करता करता नाकाखाली माशी बसल्यागत एक ठिपका राहिला. तो ठेवून चालणार नव्हतं. काढला.

हौसाबाईकडे चहाला गेलो. ती भांड्यात पळी फिरवत होती, ती थांबली.

“कवा झालं रं?” तिनं हळूच विचारलं.

“काय?”

“म्हातारा…”

“न्हाई हो मावशी!” मला हसूच आलं. “अण्णा चांगले हायत. माझाच हात चुकला. मिशी सरळ कराय गेलो.”

तिनं कपाळावर हात मारून घेतला. “आरं मग आसलं तोंड घिऊन वर जाऊ नगंस. रुमाल बांद. मिशी येऊस्तवर खोकला झालाय म्हणून सांग.”

मला राग आला. तोंड माझं, मिशी माझी, आणि सत्तावीस वर्षांचा बाप्या मी. आठ दिवस बोलणार नाहीत, एवढंच ना? ते तसेही बोलू शकत नव्हते. हे शेवटचं मी मनात म्हटलं आणि मलाच ते फार खुसखुशीत वाटलं. पाच दिवस तोंड कापून घेतलं होतं, ते त्यांच्यासाठीच. मी वाटी, ब्रश, रेझर पिशवीत घातलं, हौसाबाईकडून लोटीभर गरम पाणी घेतलं आणि वर गेलो.

अण्णा उशीला टेकून बसले होते. मला बघून त्यांनी सवयीनं पाटीकडे हात नेला, आणि हात तिथंच राहिला. त्यांनी माझ्या ओठाकडे पाहिलं. मग माझ्या मागे दाराकडे पाहिलं, बराच वेळ. मग पुन्हा माझ्या ओठाकडे.

मला वाटलं, वॉर्डातल्या आणखी कुणी बघितलं की काय, ते बघतायत.

त्यांचे ओठ हलले. गळ्यातल्या नळीतून नुसती हवा आली. त्यांनी पाटी ओढली. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि खिडकीत ठेवली, त्यांचा हात पोचणार नाही अशी.

“आज काय लिवायचं न्हाई,” मी म्हणालो. “मला ठावं हाय काय लिवणार ते. जे झालं ते झालं. आता त्यावर बोलायचं न्हाई. गप पडा, दाढी करतो तुमची.”

नर्सनं गळ्याच्या पट्टीवर कोरडा टॉवेल गुंडाळून दिला. “पट्टीला पाणी लागता कामा नये,” एवढंच म्हणाली. मी फडका गरम पाण्यात पिळून त्यांच्या गालावर धरला, शंभर मोजले. फेस चढवला. अण्णा हलले नाहीत. डोळे उघडे, वर छताकडे. आणि त्यांतून पाणी येऊ लागलं. फेसातून दोन्हीकडे ओघळ निघाले. मी पुन्हा फेस लावला, पुन्हा ओघळ.

मिशीपायी रडतोय म्हातारा, मला वाटलं. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. एकोणिसाव्या वर्षी मी त्या आठ दिवसांत रोज रडलो होतो.

हात मात्र हलका ठेवला. केस झुकलाय तिकडेच, लहान ओढी, रेझरचं वजन तेवढंच. दोन्ही गाल झाले, हनुवटी झाली. कुठं थेंबभर रक्त नाही. मी गालावरून उलटा हात फिरवून पाहिला. मामांनी पास केलं असतं.

मग अण्णांनी माझं मनगट धरलं. माझं बोट त्यांनी स्वतःच्या मिशीवर ठेवलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं.

“हे काय?” मी म्हणालो.

पुन्हा तसंच केलं.

“अण्णा, नाटकं करू नका.”

तिसऱ्यांदा त्यांनी रेझर धरलेला हातच ओढून ओठावर नेला आणि डोळे मिटले. तू तुझी काढलीस ना, घे, माझीही काढ आणि हो मोकळा, असं ते सुनावतायत, हे मला लख्ख समजलं. निदान तेव्हा तसं वाटलं. माझं डोकंच फिरलं. मरायला टेकलेला माणूस, अजून टोमणे सोडत नाही.

“बरं,” मी म्हणालो. “आता तुमचीच इच्छा.”

काढली. केस राठ होते, पातं अडकायचं, तीन-चारदा धुवावं लागलं. वाटीतल्या पाण्यावर पांढरे केस तरंगत होते. अण्णांचा वरचा ओठ मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. लहान पोरासारखा, बारीक होता.

टॉवेलनं तोंड पुसून झाल्यावर त्यांनी हात उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. केसांतून फिरवू लागले. मी लहान असतानाही त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मी डोकं बाजूला घेतलं, सामान पिशवीत भरलं आणि निघालो. पाटी खिडकीतच राहिली. संध्याकाळच्या वेळेला मी वर गेलोच नाही. मामांनी विचारलं, “बाप खूश झाला न्हवं?” मी म्हणालो, “खूश कसले होतायत.” तोंडावर पांघरूण घेऊन पडलो.

पहाटे पाचला शिपाई शेडमध्ये माझं नाव घेत आला.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. असं होऊ शकतं, या वयात, इतक्या मोठ्या ऑपरेशननंतर. मी पाटलांकडे फोन केला. बाराच्या सुमाराला जीप आली. चुलते पुढे बसले होते, मागे आई. ताई घरी पुढच्या तयारीसाठी थांबली होती. चुलते कागदपत्रांसाठी ऑफिसात गेले आणि मी आईला धरून अण्णांकडे नेलं. ती अंगानं काडी झाली होती. माझ्याकडे तिनं पाहिलं, ओठाकडेही पाहिलं, पण बाप गेलेल्या पोराच्या ओठावर मिशी नाही यात तिला काही वावगं वाटलं नाही. तोंडावरची चादर बाजूला केली, तेव्हा मात्र ती दचकली.

“मिशी कुटं गेली ह्येंची?”

“नळीसाठी काढली,” मी म्हणालो. “डॉक्टरांनी.”

अण्णांच्या मोकळ्या ओठावर तिनं पदर ठेवला आणि तशीच बसून राहिली.

मग वॉर्डातल्या रत्नाबाई आल्या, रात्रपाळीच्या मावशी. अण्णांचं गाठोडं घेऊन आल्या होत्या. सदरा, वाहाणा, चष्मा, आणि वर पाटी. “पोराला दाव म्हणून खुणावत होते,” त्या आईला म्हणाल्या. “खिडकीतली पाटी मीच दिली काढून. लई वेळ लावला लिवायला. मला वाचता येत न्हाई, न्हाईतर रातीच निरोप दिला असता.”

आईलाही वाचता येत नव्हतं. तिनं पाटी माझ्यापुढे धरली.

“काय लिवलंय रं हणमंता? वाच की.”

अक्षरं वाकडीतिकडी होती, पण पाटीभर मोठी. ‘आईच्या दहाव्याला मला ने.’

मी वाचलं. मग समोर आईकडे पाहिलं. ती जिवंत बसली होती, तापातून उठलेली, माझ्या तोंडाकडे बघत.

रोज उद्या येते म्हणून सांगितलेली बायको सहाव्या दिवशीही आली नाही, आणि पोरगा मिशी उतरवून आला. आई गेली आणि आपल्याला न सांगताच तिला पोचवलं, असं त्यांनी धरलं. म्हणून त्यांनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं होतं. पाटी मी काढून घेतली. जे झालं ते झालं, मी म्हणालो. मी त्यांचं तोंड भिजवलं, तर त्यांना वाटलं मी सुतकाची दाढी करतोय, म्हणून त्यांनी स्वतःहून मिशी पुढे केली. डॉक्टरांनाही दिली नव्हती ती. आणि मग आई गेलेल्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. तो मी झटकला.

“वाच की रं,” आई म्हणाली.

“पाणी,” मी म्हणालो.

“काय?”

“पाणी, असं लिवलंय.”

मी तळहातानं पाटी पुसली. आईनं भिंतीला डोकं टेकलं. “तहानलेलं गेलं गं बाई,” म्हणून ती जी रडू लागली, ती गावात पोचेपर्यंत. मिरजेत असते तर चमचाभर तरी पाणी घातलं असतं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आपल्या तापाला शिव्या देत होती. जीपमध्ये चुलते तिला समजावत होते, की डॉक्टरांनीच पाणी बंद केलं होतं, कुणाचा दोष नाही. मी समोर रस्त्याकडे बघत बसलो.

नदीवर किसन न्हाव्यानं माझं डोकं केलं. मग हनुवटी धरून तोंड वर केलं, आणि वस्तरा हातात तसाच राहिला. उतरवायला काही नव्हतं. त्यानं मला एकदा नीट न्याहाळलं. “आधीच?” एवढंच म्हणाला. रीत म्हणून त्यानं कोरडाच वस्तरा ओठावरून फिरवला आणि मला उठवलं.

पहिल्या उन्हाळ्यात आईनं फाट्यावर, एस. टी. थांबते तिथं, छपराखाली माठ ठेवला. अण्णांच्या नावानं. मग दोन, मग रांजण. पाणी ती स्वतः भरायची, विहिरीवरून, डोक्यावरून. मी मोटार बसवून देतो म्हटलं तर नको म्हणाली. दुसऱ्या वर्षी मला म्हणाली, “तेवडा शब्द लिव की रांजणावर. त्येंनी लिवलावता तसा.” मी ऑइलपेंटचा डबा आणला आणि माझ्या हातानं मोठ्या अक्षरात लिहिलं, पाणी. दरवर्षी रंग उडतो, दरवर्षी मी नव्यानं काढतो. तिला तेवढा एकच शब्द वाचता येतो.

मिशी मी पुन्हा ठेवली नाही. त्याच पितळी रेझरनं रोज उतरवतो. गावाला वाटतं, बापाचं दुःख. मामांनी शिकवलेलं विसरलेलो नाही, कधी ओरखडासुद्धा पडत नाही.

आई आता पंच्याऐंशीची आहे. फाट्यापर्यंत चालवत नाही, मी गाडीवरून नेतो. या गुढीपाडव्यालाही नेली. रांजण भरून झाला, तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं आणि पहिला पेला भरून माझ्यापुढे धरला. दरवर्षी तसंच करते.

“पी,” म्हणाली. “त्येंच्या नावानं तू पी. तुझ्याकडंच मागितलं हुतं त्येंनी.”

मी प्यायलो.